ॲब्सर्ड नाटकातील आशयसूत्रे आणि प्रतीके कशी वाचावीत

ॲब्सर्ड नाटक पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाला या सगळ्याचा अर्थ काय, हा प्रश्न पडतोच, आणि उत्तर हाती लागत नाही असे दिसले की तो प्रतीकांच्या मागे लागतो. झाड म्हणजे आशा, दोर म्हणजे गुलामगिरी, कधीच न येणारा गोदो म्हणजे देव, असे एक कोष्टक तयार होते आणि ते भरून झाले की नाटक समजले असे वाटू लागते. मीही सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक प्रथम असेच वाचले होते. कोष्टक पूर्ण झाल्यावर नाटकात पुन्हा वाचण्यासारखे काही उरले नाही असे जाणवले, तेव्हा आपण कुठेतरी चुकलो आहोत हे कळले आणि मी वाचण्याची रीत बदलली. ती रीत येथे सांगतो. रंगमंचावरची वस्तू प्रतीक होण्याआधी वस्तू असते. ती कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि नाटक पुढे सरकते तसे तिच्यात काय बदलते, हे नोंदवल्याखेरीज तिच्या अर्थाकडे वळू नये, एवढाच तिचा गाभा आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण तिच्यातूनच ही पद्धत निघते. फ्रेंच लेखक आल्बेर कामूने १९४२ साली ‘द मिथ ऑफ सिसिफस’ या निबंधात ‘ॲब्सर्ड’ ही कल्पना मांडली. माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प राहते. या मागणीच्या आणि त्या मौनाच्या मधल्या दरीला त्याने हे नाव दिले. पुढे १९६१ मध्ये मार्टिन एसलिन या समीक्षकाने ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ हा ग्रंथ लिहिला आणि सॅम्युएल बेकेट, युजीन आयनेस्को, आर्थर अदामोव्ह, झाँ जने यांसारख्या नाटककारांना या एका नावाखाली आणले. एसलिनचा एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. कामू आणि तत्त्वज्ञ-नाटककार झाँ-पॉल सार्त्र यांच्या नाटकांतही जीवनाची निरर्थकता येते, परंतु ती सुसंगत युक्तिवादाने, नीट बांधलेल्या संवादांतून येते; बेकेट आणि आयनेस्को यांच्याकडे ती नाटकाच्या रचनेतच उतरते. म्हणून या नाटकांचा आशय पात्रांच्या तोंडच्या वाक्यांत शोधू लागलो तर फार थोडे मिळते, आणि काय घडते, काय पुन्हा घडते, काय घडता घडता थांबते हे पाहिले तर पुष्कळ मिळते.

आधी रंगसूचना वाचाव्यात

पहिल्या वाचनात कसलाही अर्थ लावू नये. एक वही घ्यावी आणि संवाद बाजूला ठेवून केवळ रंगसूचना वाचत जावे. इतर नाटकांत आपण या सूचना डोळ्यांनी ओलांडून पुढे जातो. येथे मात्र अर्धे नाटक त्यांच्यात असते. कोणत्या वस्तू रंगमंचावर आहेत, कोणत्या विंगेतून आणल्या जातात, कोणत्या हरवतात, प्रकाश कधी बदलतो, ‘स्तब्धता’ कुठे लिहिली आहे, हे सर्व उतरवून घ्यावे. स्तब्धतेची नोंद विशेष काळजीने करावी आणि तो भाग मोठ्याने, खरोखर थांबत थांबत वाचावा. ‘वेटिंग फॉर गोदो’च्या दुसऱ्या अंकात मृतांच्या आवाजांविषयीचा एक छोटा संवाद आहे. गोदोची वाट पाहणारे व्लादिमिर आणि एस्ट्रागॉन हे दोघे ते आवाज कशासारखे आहेत ते आळीपाळीने सांगतात आणि मध्ये मध्ये गप्प होतात. मनातल्या मनात वाचले तर तो गोड काव्यमय उतारा वाटतो. थांबे पाळून वाचला की ही दोन माणसे शांततेला घाबरून बोलत आहेत हे ध्यानात येते, आणि नाटकातल्या इतर सगळ्या बडबडीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

वस्तूचा माग

आता प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूसाठी वहीत एक पान राखावे आणि तिच्या बाबतीत जे जे घडते ते क्रमाने लिहावे. झाडाचेच उदाहरण घेऊ. पहिल्या अंकात ते उघडे आहे. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याला चार-पाच पाने आलेली आहेत. एवढ्यावरून ‘आशेचे प्रतीक’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु वहीतल्या झाडासाठीच्या पानावर आणखी बरेच काही जमते. भेटीची जागा ओळखण्याची ती खूण आहे, आणि हेच ते झाड का याविषयी दोघांना खात्री नाही. त्याच्या फांदीला लटकून जीव देण्याचा विचार होतो, पण फांदी वजन पेलणार नाही अशी शंका येते. दुसऱ्या अंकात एस्ट्रागॉन त्याच्यामागे लपू पाहतो आणि बुंधा त्याला झाकू शकत नाही. नंतर दोघे एका पायावर उभे राहून झाडाचीच नक्कल करतात. म्हणजे हे झाड खूण म्हणून नीट चालत नाही, फास म्हणून चालत नाही, आडोसा म्हणूनही चालत नाही. जी जी मागणी त्याच्याकडे केली जाते ती ते पुरी करत नाही. जगाकडे अर्थ मागणाऱ्या माणसाची जी स्थिती कामूने सांगितली, तीच येथे एका बारक्या झाडाशी होणाऱ्या व्यवहारात दिसते आणि तिच्यासाठी एकही तत्त्वचिंतनाचे वाक्य लागत नाही.

आणि त्या पानांचे काय? दुसऱ्या अंकाच्या आरंभी दुसरा दिवस, तीच वेळ, तीच जागा अशी सूचना आहे. एका रात्रीत उघड्या झाडाला पाने फुटत नाहीत. तेव्हा एकतर मधे खूप काळ गेला आहे, नाहीतर आपण पाहिले त्यावर विश्वास ठेवता येत नाही. व्लादिमिर या पानांकडे बोट दाखवून कालचा दिवस खरा होता हे सिद्ध करू पाहतो आणि एस्ट्रागॉनला कालचे फारसे काही आठवत नाही. ती पाने काळाविषयीची आपली खात्री मोडतात. आशा त्यांतून वाचायची असेल तर ही मोडतोड सोबत घेऊनच वाचावी लागते.

दोराची गोष्ट याहून स्पष्ट आहे. पोझो हा मालक आपल्या लकी या गुलामाला गळ्यात दोर बांधून हाकत आणतो. त्याच्या प्रवेशाच्या थोडे आधी एस्ट्रागॉन विचारतो की आपण बांधलेले आहोत का, आणि व्लादिमिर ती कल्पना झटकून टाकतो. आधी शब्द येतो, मग वस्तू. हा क्रम वहीत लिहून ठेवावा, कारण बेकेटच्या प्रतीकांची घडण अनेकदा अशीच असते. दुसऱ्या अंकात पोझो आंधळा झालेला असतो, लकी मुका झालेला असतो, आणि दोर बराच आखूड झालेला असतो. त्याचे कारण रंगसूचनेतच दिले आहे : पोझोला मागून चालणे सोपे जावे. ज्या दोराने मालक गुलामाला हाकत होता त्याच दोराने आता गुलाम मालकाला वाट दाखवतो. ‘दोर म्हणजे गुलामगिरी’ असे लिहून आपण थांबलो असतो तर हा उलटा फेर हातातून निसटला असता. पोझोच्या इतर वस्तूंचाही असाच माग काढता येतो. पहिल्या अंकात तो आधी चिलीम, मग घशासाठीचा फवारा आणि शेवटी घड्याळ हरवतो. दुसऱ्या अंकात त्याची दृष्टी गेलेली असते आणि काळाविषयी विचारले की तो चिडतो. घड्याळ आणि दृष्टी गमावणे या एकाच उताराच्या पायऱ्या आहेत हे वहीतली नोंद वाचतानाच दिसते.

नावांत फार गुंतू नये

गोदो कोण, हा प्रश्न इतका चघळला गेला आहे की त्याचे उत्तर न देताही पुढे जाता येते हे सांगणे आवश्यक वाटते. नाटक बेकेटने मूळ फ्रेंचमध्ये लिहिले आणि फ्रेंचमध्ये देवाला ‘द्यू’ म्हणतात; इंग्रजीत ‘गॉड’ आणि ‘गोदो’ यांच्या ध्वनिसाधर्म्याचा जो पुरावा वाटतो तो मूळ भाषेत तितका जोरदार राहत नाही. देव म्हणायचे असते तर आपण देव असेच लिहिले असते, असे बेकेटने स्वतः सांगितले होते, आणि बुटासाठीच्या फ्रेंच बोलीतल्या शब्दांशी या नावाचा संबंध त्याने जोडून दाखवला होता. लेखकाचा शब्द अंतिम मानण्याची गरज नाही. नाटकात मुक्तीची, ख्रिस्ताची आणि त्याच्यासोबत क्रूसावर चढवलेल्या दोन चोरांची चर्चा आहे, त्यामुळे धार्मिक वाचनाला आधारही आहे. मात्र गोदोचे नाटकातले काम पाहावे. तो येत नाही, निरोप पाठवतो, आणि त्या निरोपामुळे दोघे जागा सोडत नाहीत. त्याची अनुपस्थितीच नाटक चालवते. हे काम देव करू शकतो, नोकरी देणारा साहेब करू शकतो, सुटकेची तारीखही करू शकते. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १,४०० कैद्यांपुढे हे नाटक झाले. ते त्यांना भिडले याची नोंद एसलिनने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच केली आहे. वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती.

‘द चेअर्स’ : एक सविस्तर उदाहरण

माझ्या मते ही पद्धत शिकण्यासाठी आयनेस्कोचे ‘द चेअर्स’ हे सर्वांत योग्य नाटक आहे, कारण त्यात प्रतीक एकच आहे आणि ते मोजता येते. नाटक पॅरिसमध्ये एप्रिल १९५२ मध्ये प्रथम रंगमंचावर आले. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या जागी ९५ वर्षांचा म्हातारा आणि ९४ वर्षांची म्हातारी राहतात. म्हाताऱ्याकडे मानवजातीला वाचवणारा संदेश आहे. तो स्वतःला नीट सांगता येत नाही म्हणून त्याने एक वक्ता बोलावला आहे. पाहुणे येऊ लागतात. ते दिसत नाहीत. प्रत्येक अदृश्य पाहुण्यासाठी म्हातारी एक खुर्ची आणते.

नोंद खुर्च्यांच्या संख्येपासून सुरू करावी. आरंभी दोन खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. मग एकेक येते, प्रत्येक पाहुण्याशी नमस्कार-चमत्कार होतात, कर्नलशी अदबीने, जुन्या प्रेयसीशी हळवेपणाने. पुढे घंटा लागोपाठ वाजू लागते, दारे उघडतात, मिटतात, म्हातारी खुर्च्या ओढत धावत राहते आणि बोलायला सवड उरत नाही. येथे थांबून विचारावे : रिकाम्या खुर्च्या माणसांची अनुपस्थिती दाखवतात हे खरे, पण त्या प्रत्यक्ष काय करतात? त्या जागा खातात. त्यांच्या दाटीमुळे नवरा-बायको एकमेकांपासून दूर लोटले जातात, रंगमंचाच्या दोन बाजूंना जाऊन पोहोचतात आणि मधल्या अदृश्य गर्दीवरून एकमेकांना हाका मारतात. ज्या दोघांना एकमेकांखेरीज कोणी नव्हते त्यांच्यामध्ये आता काहीच नसलेल्या माणसांची भिंत उभी आहे. शेवटी दोघे वेगवेगळ्या खिडक्यांतून पाण्यात उडी घेतात. एकत्र मरण्याचे भाग्यही त्यांना मिळत नाही, आणि ते हिरावून घेतले खुर्च्यांनी.

या मागाशेजारी संवादांचा माग ठेवला की दुसरे सूत्र दिसते. म्हातारी एका पाहुण्याला घर सोडून गेलेल्या मुलाविषयी सांगते. त्याच वेळी म्हातारा दुसऱ्याला सांगतो की आम्हाला मूल झालेच नाही. म्हातारा आपण मरणाऱ्या आईला टाकून आलो असे कबूल करतो, तर म्हातारी त्याच्या मातृभक्तीची स्तुती करते. यातले खरे कोणते हे नाटक सांगत नाही. खुर्चीवर कोणी नाही, तसेच या आठवणींमध्येही खात्रीने कोणी नाही. मग वक्ता येतो. तो मात्र खराखुरा, दिसणारा माणूस आहे, आणि तो मुका-बहिरा निघतो. तो घशातून काही आवाज काढतो, फळ्यावर न जुळणारी अक्षरे लिहितो आणि निघून जातो. त्यानंतर त्या रिकाम्या खुर्च्यांतून प्रथमच गर्दीचा आवाज ऐकू येतो : हसणे, कुजबुज, खोकला. इतका वेळ न दिसणारी माणसे आता ऐकू येतात आणि त्यांच्याशी बोलणारे कोणी उरलेले नाही.

आयनेस्कोने पहिल्या दिग्दर्शकाला लिहिलेल्या पत्रात नाटकाचा विषय संदेश नाही, आयुष्यातले अपयशही नाही, तर स्वतः खुर्च्या आहेत, असे स्पष्ट केले होते. माणसांची, सम्राटाची, देवाची अनुपस्थिती, जगाचे अवास्तवपण आणि पोकळी हा त्याच्या मते विषय होता. या विधानाचा उपयोग कोष्टकात भरण्यासाठी करू नये. ‘खुर्च्या म्हणजे शून्य’ हे वाक्य बरोबर असूनही पोकळ राहते. खुर्च्या वाढत जातात तशी पोकळी वाढत जाते, आणि रंगमंच जितका भरतो तितका तो रिकामा होतो, हे वाक्य मात्र प्रयोगात डोळ्यांनी पडताळता येते.

भाषा हीसुद्धा वस्तू आहे

आयनेस्कोच्या पहिल्या नाटकात, म्हणजे १९५० मधल्या ‘द बाल्ड सोप्रानो’मध्ये, हाच माग वाक्यांचा काढावा लागतो. इंग्रजी शिकवणाऱ्या एका पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांवरून हे नाटक त्याला सुचले. भिंतीवरचे घड्याळ १७ ठोके देते आणि मिसेस स्मिथ नऊ वाजल्याचे सांगते. मार्टिन दांपत्य एकाच गाडीने आलो, एकाच रस्त्यावर, एकाच घरात राहतो, एकाच पलंगावर झोपतो, असे पुरावे जमवत आपण पतिपत्नी आहोत या निष्कर्षाला पोहोचते. लगेच मोलकरीण येऊन प्रेक्षकांना सांगते की हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण दोघांच्या मुलींचा पांढरा डोळा वेगवेगळ्या बाजूला आहे. तर्क निर्दोष चालतो आणि ओळख मात्र हाती लागत नाही. अशा नाटकात प्रतीक शोधत बसण्यापेक्षा कोणते वाक्य कितव्यांदा आले, कोणते पुढे दुसऱ्याच्या तोंडी गेले, हे टिपणे अधिक फलदायी ठरते. शेवटी नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि स्मिथ यांच्या जागी मार्टिन बसलेले असतात.

सरळ रूपक वाटणारी नाटके

१९५९ मधले ‘ऱ्हिनोसेरॉस’ कोष्टकाला सर्वांत अनुकूल वाटते. एका गावातली माणसे एकामागून एक गेंडे होतात. आयनेस्कोने १९३० च्या दशकात रुमानियात ओळखीची माणसे फॅसिस्ट विचाराकडे वळताना पाहिली होती, तेव्हा गेंडा म्हणजे झुंडशाही हे वाचन योग्यच आहे. तरीही बेरांजेच्या शेवटच्या स्वगतात एक अडचण शिल्लक राहते. एकटा उरलेला हा माणूस आरशात स्वतःला पाहून कुरूप समजू लागतो, त्याला गेंड्यांची कातडी सुंदर वाटते, तो गेंडा होण्याचा प्रयत्न करतो आणि ते त्याला जमत नाही. त्यानंतर तो शरण जाणार नाही असे ओरडतो. त्याचा प्रतिकार निवड आहे की असमर्थता, हे रूपकाने सुटत नाही, आणि माझ्या दृष्टीने नाटकाचा खरा भार या न सुटलेल्या जागेवर आहे.

आशयसूत्र वाक्यात लिहावे

नोंदी झाल्या की आशयसूत्र लिहायचे. येथे सर्वांत मोठी चूक एका शब्दावर थांबण्याची असते. ‘एकाकीपणा’, ‘काळ’, ‘निरर्थकता’ ही विषयांची नावे आहेत. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबाबत हे नाटक काय दाखवते याचे पूर्ण वाक्य, आणि त्या वाक्याला नाटकातल्या किमान दोन घटनांचा आधार हवा. बेकेटचे ‘हॅपी डेज’ पाहा. विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत आणि दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत मातीत पुरलेली आहे. पहिल्या अंकात तिच्या पिशवीतून इतर वस्तूंबरोबर पिस्तूल बाहेर येते. दुसऱ्यात ते तिच्या शेजारी ठळकपणे ठेवलेले असते, पण तिचे हात मातीत गेलेले असतात. या दोन नोंदींवरून असे लिहिता येईल : जगण्याची साधने आणि ते संपवण्याची साधने विनीजवळ सारखीच राहतात, ती वापरण्याची शक्ती मात्र दिवसागणिक जाते, आणि तिचा आनंदी सूर हा त्या शक्तीऐवजी उरलेला एकमेव व्यवहार आहे. हे वाक्य कोणाला चूक वाटेल, आणि त्यावर वाद घालता येईल. ‘हे नाटक निरर्थकतेविषयी आहे’ या वाक्यावर तो घालता येत नाही.

लिहिलेले वाक्य पडताळण्यासाठी नाटकातला सर्वांत हास्यास्पद क्षण घ्यावा, सर्वांत गंभीर नव्हे. ‘वेटिंग फॉर गोदो’च्या शेवटी एस्ट्रागॉन फास लावण्यासाठी पँटला बांधलेली दोरी सोडतो आणि पँट घोट्यापर्यंत गळून पडते. दोघे दोरी ओढून पाहतात तेव्हा ती तुटते. १९५३ च्या पहिल्या प्रयोगात हा क्षण सौम्य केला जात आहे असे कळताच बेकेटने दिग्दर्शक रोजे ब्लँ याला पत्र लिहून पँट पूर्ण खाली पडलीच पाहिजे असा आग्रह धरला. त्याच स्थितीत पुढचे बोलणे होते : उद्या लटकू, गोदो आला नाही तर, आणि आला तर? तर आपण वाचलो. मुक्तीविषयीचे नाटकातले हे वाक्य एका माणसाची पँट पायात पडलेली असताना उच्चारले जाते आणि एस्ट्रागॉनला ती वर ओढ असे सांगावे लागते. आपण लिहिलेल्या आशयसूत्रात आशा, निराशा आणि देव यांना जागा असेल आणि त्या पँटला नसेल, तर वही उघडून ते वाक्य पुन्हा लिहावे.